हँडब्रेकच्या केबल घरी बदलाव्यात का? (वॅगन आर, मागं ड्रम ब्रेक)

कळंबेकर
मंडळी, सल्ला पाहिजे. 2013 ची वॅगन आर, सेकंडहँड घेतलेली. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी चढाला गाडी मागं सरकते. परवा जोतिबाला चाकाला दगड लावून वर जावं लागलं. गॅरेजवाल्यानं चाक न काढताच सांगितलं, दोन्ही केबल गेल्यात, मजुरी 1600, केबलचे पैसे वेगळे. व्हिडिओत तर काम तासाभराचं दिसतंय. ऑइल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो. पान्यांचा सेट आहे, जॅक गाडीबरोबर आलेला तोच. करू का?

पाना_बारा_तेरा
करायचं का नाही ते नंतर. केबलच गेलीय हे चाक न काढता कसं ठरलं?

हँडब्रेकचा लिव्हर वर येतो त्यात बऱ्याचदा केबलचा काही दोष नसतो. ड्रमला आतून दाबून चाक थांबवतात ते शू; त्यांचे लायनर (घासणारा थर) झिजतात, झिजेप्रमाणं अंतर आपोआप जुळवणारा ऑटो ॲडजस्टर गंजून बसतो, शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. मग लिव्हरची सगळी ओढ ते अंतर भरण्यातच जाते.

घरच्या घरी बघता येतं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव, मागची बाजू उचलून स्टँडवर घे. लिव्हर एकेक टिक वर घेत जा आणि प्रत्येक वेळी दोन्ही चाकं हातानं फिरवून बघ. दोन्ही सारखीच ढिली असली तर केबलचे पैसे सध्या खिशातच राहू देत, आधी ड्रम उघडायचे. एक धरतंय आणि दुसरं नाही, तर न धरणाऱ्या बाजूला गडबड आहे. लिव्हर सोडल्यावर चाक जड राहतंय का तेही बघ. आत गंजलेली केबल ओढली जाते, पण परत जात नाही.

आणि सीटमधल्या कन्सोलमधला केबल ताणायचा नट आवळून "झालं साहेब" म्हणतात, त्याला भुलू नकोस. केबल जास्त ताणली की ड्रममधला, शूला ढकलणारा लिव्हर पूर्ण मागं येत नाही, आणि मग ॲडजस्टरचं काम थांबतं. आधी शूचं अंतर, मग केबल.

घाटवाली
सेकंडहँड म्हणालात म्हणून विचारते. गाडी कोल्हापूरच्या 2019 किंवा 2021 च्या पुरात उभी होती का? केबलच्या आवरणात गढूळ पाणी शिरलं की आतली तार सावकाश गंजत राहते. वरचं प्लास्टिक मात्र नव्यासारखं दिसतं, त्यामुळं बघून कळत नाही.

पूर नसला तरी आपल्याकडचा पाऊस पुरेसा आहे. माझं माहेर गगनबावड्याकडं. तिथं ओल्या ब्रेकची गाडी हँडब्रेक ओढून चार दिवस ठेवली की शू ड्रमला चिकटलेच म्हणून समजा. पावसाळ्यात सपाटीला आम्ही हँडब्रेक ओढतच नाही, गिअरमध्ये टाकतो आणि चाकाला दगड.

कळंबेकर
शेजाऱ्याकडनं स्टँड आणले आणि बघितलं. उजवं चाक सहाव्या टिकेला घट्ट. डावं शेवटपर्यंत हातानं फिरतंय. पायाचा ब्रेक व्यवस्थित आहे. आधीचे मालक शाहूपुरीतले. फोन करून पुराचं विचारलं तर म्हणाले, "पाणी दारापर्यंतच आलं होतं."

उद्यमनगरी
आणि गाडी दारातच लावत होते, व्हय ना?

भावा, केबल ओढून काढणं सोपं आहे. घाम काढतो तो ड्रम. तुझ्या गाडीत ड्रम आणि हब (बेअरिंगवर फिरणारा, चाक बसतं तो मधला भाग) एकच आहे का ते आधी बघ. चाकाच्या मधोमध टोपी आणि तिच्याखाली मोठा नट सोडावा लागत असेल, तर बेअरिंगचा मामला आला. तो नट टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) आवळायचा. रेंच नसला तर तिथंच थांब आणि गॅरेजला फोन लाव.

तसं नसेल तर ड्रमवर आट्याची दोन भोकं सापडतील. त्यात बहुतेक 8 एमएमचे बोल्ट बसतात. दोन्ही आळीपाळीनं थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम आपोआप सुटतो. कडेवर हातोडा घालू नकोस, बीड (कास्ट आयर्न) आहे ते, कोपरा उडतो. बीड म्हणजे काय ते कोल्हापूरकराला सांगायला नको.

आतली भुकटी तोंडानं फुंकायची नाही, एअर मारायची नाही. ब्रेक क्लीनरनं ओली करून पुसायची. स्प्रिंगला हात लावायच्या आधी फोटो काढ आणि एका वेळी एकच बाजू उघड. दुसरी तशीच ठेवली की बघून जोडता येतं.

केबल शूच्या लिव्हरमधनं सोडवली की आतली तार हातानं मागंपुढं करून बघ. सरकत नसेल तर केबल गेली. मोकळी सरकत असेल तर केबल बरी आहे, मग शूवरचा लिव्हर गंजलाय का बघ, तसं असेल तर तो साफ कर. बॅक प्लेटमध्ये (ड्रममागची थाळी) केबलला पाकळ्यांची क्लिप असते. पकडीनं एकेक पाकळी दाबत बसलास तर संध्याकाळ होईल. बरोबर बसेल असा रिंग पाना, बहुधा 12 किंवा 13 चा, वरनं सरकव. सगळ्या पाकळ्या एकदम दबतात.

रंकाळा_राउंड
माझं मत वेगळं आहे. ड्रमवाल्या गाडीत हँडब्रेक आणि मागचा पायाचा ब्रेक एकाच शूवर चालतात, त्यामुळं हे "फक्त हँडब्रेकचं" काम नाही. स्प्रिंग उलटी बसली तर रस्त्यावरचा ब्रेकही बिघडणार. पॅड बदलता येतात म्हणजे ड्रम येतो असं नाही, ड्रमच्या आत तुकडे जास्त. पहिल्यांदा करताय तर जाणकाराला शेजारी उभं करा.

पाना_बारा_तेरा
याला माझा पाठिंबा. आणि गाडीबरोबरच्या जॅकवर, स्टँडशिवाय, कुणी गाडीखाली जायचं नाही. त्यावर चर्चा नको.

मजुरीचं म्हणशील तर 1600 मध्ये दोन्ही ड्रम उघडून साफसफाई, ॲडजस्टर मोकळे करणं आणि दोन्ही केबल, एवढं करत असतील तर मला महाग वाटत नाही. नुसत्या केबल ओढून देणार असतील तर महाग आहे. तसं स्पष्ट विचार, आणि ड्रम उघडताना समोर उभा राहा.

केबल घेताना चेसिस नंबर दे. डावी-उजवी बघायला सारखी दिसते, पण लांबी वेगळी असू शकते. मी दोन्ही बदलेन. पाण्यात उभी होती ती डावी एकटी नव्हे.

कळंबेकर
टोपी आणि मोठा नटच निघाला. टॉर्क रेंच नाही, त्यामुळं ड्रम गॅरेजात उघडणार. दुसऱ्या गॅरेजला विचारलं, ड्रम साफ करून दोन्ही केबल बसवायला तयार आहे, मला समोर थांबू देतोय. गाडी ताब्यात घेताना काय तपासू?

उद्यमनगरी
गाडी उचललेली असतानाच बघ. लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत. मग एकेक टिक वर घे, दोन्ही एकाच टिकेच्या आसपास धरली पाहिजेत. किती टिकांना धरायला पाहिजे ते मॅन्युअलमध्ये असतं. घरी येताना दहा-पंधरा किलोमीटर चालव आणि थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात ने, ड्रमला लावू नकोस. एका बाजूची धग जास्त लागली तर त्याच दिवशी गाडी परत ने.