३६ इंची चाकाच्या एकचाकी सायकलवर सीट: जाड गादी नको
तासाभरात बूड बधिर होतं म्हणून जाड गादी घ्यायची म्हणताय, पण तसं करू नका. एकचाकीला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी सोय, नसतं; उतारावरही पाय फिरतच राहतात, त्यामुळे सीटवरचा भार आपोआप हलका होत नाही. मऊ फोम दबतो आणि नेमका नाजूक जागी रुततो. मधे खोबण असलेलं, घट्ट, सपाट सीट घ्या. पुढचं टोक जरा वर उचला.

खरा फरक हँडलने पडतो. सीटखालून पुढे आलेल्या दांड्यावर तळवे टेकले की भार हातांवर वाटला जातो. सुरुवातीला दांडा जवळच ठेवा, सवय झाली की बोटभर पुढे सरकवा. मी दर पंधरा मिनिटांनी दहा-बारा पेडल उभ्याने मारते, मुंग्या लगेच जातात. आणि पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालू नका, शिवणीच सोलून काढतात.