गूळ पण साखरच की, आणि स्टीव्हियाचा शिरा

साखरेऐवजी गूळ किंवा स्टीव्हिया (एका झाडाच्या गोड पानांपासून काढलेलं स्वीटनर) रोजच्या स्वयंपाकात चालेल का असं विचारलंय तुम्ही, तर गूळ ही निव्वळ मनाची समजूत आहे हो, त्यातही बहुतेक साखरच, रंग आणि खमंगपणा तेवढा वेगळा. स्टीव्हिया साखरेच्या 200 ते 300 पट गोड, त्यामुळे चहात जरा जास्त पडली की जिभेवर कडवटपणा रेंगाळतो (सासूबाई म्हणाल्या, काढा केलायस का?). शिऱ्यात तर गोडीचा प्रश्नच नाही, साखर विरघळून जो ओलसर मऊपणा येतो तो येत नाही, मग मी दूध वाढवते आणि पिकलं केळं कुस्करून घालते, त्यातही साखर असतेच म्हणा पण वरून घातलेली तरी नाही. अ‍ॅस्पार्टेमच्या, म्हणजे कृत्रिम स्वीटनरच्या, गोळ्या उकळत्या पदार्थात नका टाकू, गोडी जाते, सुक्रालोज हे दुसरं कृत्रिम स्वीटनर त्यामानाने टिकतं.

आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय की वजन उतरवायला असले स्वीटनर वापरू नका, आधीपासून डायबेटिस असणाऱ्यांना ती सूचना लागू नाही. आम्ही शेवटी आमटी-भाजीतली साखर बंद केली, चहात दोन चमच्यांचा एक केला, महिनाभर नवऱ्याची कुरकुर, आता त्यालाच बाहेरचा चहा गोडमिट्ट लागतो.