मे अखेरीस मुले आणि आजी यांना घेऊन डोंगरावर कोठे जावे?

दादरची आई

नमस्कार. आमची मुलगी 11 वर्षांची आहे, मुलगा 7 वर्षांचा, आणि सासूबाई 67 वर्षांच्या. सासूबाई रोज सकाळी शिवाजी पार्कला चालतात, परंतु उतार किंवा जिना उतरताना त्यांचा डावा गुडघा दुखतो. यंदाची सुट्टी लग्नकार्यांत आणि घराच्या रंगकामात निघून गेली. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतील, आणि ‘तुम्हाला एक तरी गड दाखवीन’ हा शब्द मी मुलांना एप्रिलमध्येच देऊन बसले आहे.

जवळचा म्हणून कर्नाळा मनात आहे. शेजारी म्हणतात की या उन्हात मुलांना नेऊ नये, पहिला पाऊस पडू द्यावा. तर पावसात मुलांसह गडावर जाणे मला अधिक धोक्याचे वाटते. आम्ही यापूर्वी एकही गड चढलेलो नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. याच दिवसांत काजवे दिसतात असे मुलीने वाचले आहे, तेही जमेल का?

मुलुंडकर

ताई, दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही कर्नाळ्यालाच गेलो होतो. माझ्या हातून काय चुकले ते सविस्तर लिहितो, कारण ती चूक कोणाकडूनही होऊ शकते.

नाश्ता करून निघाल्यामुळे पायथ्याला साडेनऊ वाजले. अभयारण्यातली वाट झाडीतून जाते म्हणून ऊन लागणार नाही, असा माझा समज होता. ऊन लागलेही नाही, परंतु या दिवसांत हवेत एवढा दमटपणा असतो आणि झाडीत वारा इतका पडलेला असतो की घाम येतच राहतो आणि वाळत मात्र नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसे? झाडी संपून डोंगराची उघडी सोंड (खाली उतरत गेलेली धार) लागली तेव्हा माझा 9 वर्षांचा मुलगा, जो तोवर अखंड बडबडत होता, एकाएकी गप्प झाला. पाणी विचारले तर नको म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता, हात ओले आणि गार लागत होते, आणि भर उन्हात त्याच्या दंडावर काटा आला होता. आम्ही त्याला तसेच मागे झाडीत आणले, आडवे केले, बूट-मोजे काढले, मानेवर आणि काखेत ओला पंचा ठेवला आणि मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट पाजले. अर्ध्या तासाने त्याने ‘आपण कुठवर आलो होतो?’ असे विचारले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तसे झाले नसते, तर त्याला उचलून थेट दवाखाना गाठावा लागला असता.

म्हणून माझे मत असे आहे की कर्नाळ्याला जरूर जावे, परंतु पायथ्याहून उजाडताच निघावे आणि दहाच्या आत खाली यावे. मे महिन्यात कोणत्या गडावर जातो यापेक्षा किती वाजता चढतो, हेच महत्त्वाचे असते. मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी पाणी द्यावे. माथ्यावरच्या सुळक्याला आग्या मोहोळे असतात, तेथे आरडाओरडा, धूर आणि अत्तर कटाक्षाने टाळावे. आजींना मात्र तेथे नेऊ नये. त्या गुडघ्याला तो उतार झेपणार नाही.

निवृत्त शिक्षिका

मुलुंडकरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. पहिल्या पावसाची वाट पाहू नका, हेही आवर्जून सांगते. मृग लागला की पहिल्या दोन-तीन रविवारी सारी मुंबई कर्जत-लोणावळ्याकडे लोटते, पायऱ्या निसरड्या होतात आणि सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारी ओलांडता येत नाही.

आजींसह जायचे तर माथेरान घ्या. लवकरच्या लोकलने नेरळ गाठावे आणि तेथून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत यावे. पुढे खाजगी गाड्यांना बंदी असल्याने लाल मातीची ती वाट मुलांना मोकळेपणाने चालता येते. वर सुमारे 800 मीटर उंची आहे आणि बहुतेक रस्त्यांवर जांभूळ, अंजनी यांची दाट सावली आहे. आजींना दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटलने, म्हणजे छोट्या रेल्वेगाडीने, गावात जाता येते. खाऊची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडे हिसकावून घेतात. वाटेत करवंदे विकायला बसलेल्या बायकांकडून पानाच्या द्रोणातली करवंदे मुलांना अवश्य घेऊन द्या. पाऊस सुरू झाला की त्यांची चव जाते.

वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, आणि तो विजांसह येतो. ढग काळवंडून गडगडू लागले की पॉइंटच्या कड्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. पक्क्या छपराखाली जावे.

घाटवाटेचा प्रवासी

माथेरानचा सल्ला योग्य आहे, परंतु मुलांना गडाचा शब्द दिलेला आहे आणि माथेरान हा गड नव्हे. मुलांच्या ते नक्की लक्षात येईल. गणपतीनंतर पाऊस ओसरला की त्यांना लोहगडाला न्यावे. मळवलीला उतरून भाजे गावातून वाट आहे, वरपर्यंत पायऱ्या आहेत, आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक ओलांडताना गड म्हणजे काय हे मुलांना न सांगता कळते.

काजव्यांविषयी थोडे कळकळीने लिहितो. राजमाचीच्या उधेवाडीत किंवा भंडारदऱ्याच्या परिसरात मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला ते दिसतात, हे खरे आहे. मात्र ते लुकलुकणे म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते, आणि विजेरीच्या किंवा मोटारीच्या झोतात ती साद मादीपर्यंत पोहोचत नाही. गेल्या वर्षी शनिवारी रात्री एका सहल आयोजकाबरोबर गेलो असता एका झाडाखाली चाळीसेक माणसे मोबाइलचे दिवे लावून उभी होती, आणि ते झाड दहा मिनिटांत विझले. जायचेच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गावात मुक्काम करा आणि अंधारात बसून राहण्याची मुलांची तयारी आधी करून घ्या. एका दिवसात जाऊन येण्याचा हा बेत नाही.

दादरची आई

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. बुधवारी आम्ही सर्वजण माथेरानला जाऊ; सासूबाई शटलने आणि मुले पायी. रविवारी मुलांचे बाबा दोघांना घेऊन पहाटे कर्नाळ्याला निघतील आणि झाडी संपते तेथूनच परत फिरतील. लोहगड दिवाळीच्या सुट्टीत करू. काजवे यंदा राहू देत. मुलगी थोडी हिरमुसली, परंतु साद पोहोचत नाही हे वाचून दाखवल्यावर तिने हट्ट सोडला.

कर्नाळ्याचा प्रसंग वाचल्यावर मुलांच्या पाण्याच्या बाटल्या मापून पाहिल्या. दोन्ही अर्ध्या लिटरच्या निघाल्या. आज संध्याकाळी मोठ्या आणणार आहे.