मदत हवी आहे: 'स्केपगोट' म्हणजे खरंच 'बळीचा बकरा' का?

नमस्कार मंडळी,

चार दिवस एका शब्दापाशी अडून बसले आहे. शब्द तसा रोजच्या वापरातला, इंग्रजी बातम्यांत दिवसाआड भेटणारा: स्केपगोट.

मी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. विषय आहे एका रेल्वे अपघाताची चौकशी. ढिलाई वरपासून खालपर्यंत सगळ्यांची निघते, पण नोकरी जाते ती एकट्या सिग्नलवाल्याची. तो बायकापोरांसह गाव सोडतो. लेखिका तिथे दोनच वाक्यं लिहिते. त्यांचा अर्थ असा: गावाला एक स्केपगोट हवा होता. तो गेला, आणि गावाला पुन्हा झोप लागू लागली.

मी सवयीने 'बळीचा बकरा' लिहून पुढे गेले. रात्री सलग वाचताना मात्र ठेच लागली. बळीचा बकरा कुठे जात नाही, तो जागच्या जागी कापला जातो. इथे माणूस जिवंत आहे, दुसऱ्या गावी दिवस काढतो आहे, आणि लेखाचा सगळा जीव त्याच्या त्या जाण्यात आहे.

म्हणून शब्दाचं मूळ शोधलं. ज्यूंच्या धर्मग्रंथात, म्हणजे मराठी बायबलमधल्या 'लेवीय' या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. त्यात बकरे दोन. त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या: एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलसाठी. परमेश्वराच्या वाट्याचा बकरा बळी दिला जातो. दुसऱ्याला जिवंत उभा करतात. मुख्य याजक अहरोन आपले दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो, लोकांची सगळी पापं मोठ्याने कबूल करतो, ती त्या बकऱ्याच्या माथ्यावर घालतो आणि नेमलेल्या माणसाबरोबर त्याला ओसाड रानात सोडायला पाठवतो. त्या माणसानेही परतताना कपडे धुऊन, आंघोळ करूनच छावणीत यायचं.

म्हणजे बघा, बळीचा बकरा त्या विधीत आहेच, पण तो पहिला. स्केपगोट दुसरा. आपण मराठीत नेमकं पहिल्याचं नाव दुसऱ्याला लावतो आहोत.

इंग्रजी शब्द घडवला विल्यम टिंडल यांनी, १५३० साली, हिब्रूतून बायबलचं इंग्रजी भाषांतर करताना. हिब्रूत शब्द होता 'अजाजेल'. त्याची 'एझ' म्हणजे बकरी आणि 'अझल' म्हणजे निघून जाणं अशी फोड करायची जुनी रीत होती. टिंडल यांनी तीच धरली. 'एस्केप'चं तेव्हाचं आखूड रूप 'स्केप', त्याला 'गोट' जोडला: निसटून जाऊ दिलेला बकरा. १६११ च्या किंग जेम्स बायबलने तो शब्द ठेवला आणि तो भाषेत रुजला. दुसऱ्याच्या चुकीचा दोष ज्याच्यावर ढकलला जातो तो माणूस, हा आजचा अर्थ १८२४ पर्यंत लिखाणात आलेला दिसतो. त्या अर्थात धर्म उरला नाही, बकराही उरला नाही. आज इंग्रजीत संघ हरला की प्रशिक्षकाला स्केपगोट करतात, बँक बुडाली की एखाद्या कारकुनाला. त्याचं क्रियापदही सर्रास चालतं.

मला हे इतकं का लागलं तेही सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत हिशेबात मोठी गफलत निघाली. सह्या पाच जणांच्या होत्या. सगळ्यांत शांत असलेल्या एका बाईंची रातोरात बदली झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर फक्त चष्म्याचं रिकामं घर राहिलं होतं. ते आठवडाभर कोणी हलवलं नाही आणि त्यांचं नावही कोणी काढलं नाही. त्यांना 'बळीचा बकरा' म्हणताना माझी जीभ अडते.

तर मदत अशी हवी आहे:
या अर्थाचा जुना, वापरातला मराठी शब्द कोणाला माहीत आहे का? आणि लेखाचं शीर्षकच 'स्केपगोट' आहे, तिथे काय करू?

*

प्रतिसाद १

ताई, एवढं मागे जाऊ नका. 'बळीचा बकरा' मराठीत याच अर्थाने स्थिरावला आहे. वर्तमानपत्रात मथळा वाचला की वाचकाला कळतं, दुसऱ्याचं पाप याच्यावर ढकललं. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. इंग्रजी माणूस तरी स्केपगोट म्हणताना लेवीय कुठे आठवतो?

शिवाय पर्याय शोधताना नुसता 'बकरा' उरला तर पंचाईत आहे. 'त्याचा बकरा केला' म्हटलं की आपल्याकडे त्याला फसवलं, त्याची टर उडवली असं वाटतं. 'बळीचा' हा शब्द निदान त्या अर्थापासून वाचवतो.

*

प्रतिसाद २

वरच्यांचं एरवीसाठी पटतं, पण या लेखासाठी नाही. लेखिकेने 'तो गेला' हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे.

इतर भाषांनी काय केलं ते बघा. लॅटिन बायबलमध्ये 'कापेर एमिसारिउस' आहे, म्हणजे पाठवून दिलेला बकरा. फ्रेंचचा 'बूक एमिसेर' त्यावरूनच आला. जर्मनमध्ये 'झ्युंडनबोक', म्हणजे सरळ पापाचा बकरा. कोणी जाण्यावर भर दिला, कोणी ओझ्यावर. कापण्यावर यांपैकी कोणीच दिला नाही.

जिवंत राहिलेला स्केपगोट म्हटलं की मला आल्फ्रेड ड्रायफस आठवतात. हेरगिरी दुसऱ्याची आणि १८९४ साली देशद्रोहाची शिक्षा फ्रेंच सैन्यातल्या या ज्यू अधिकाऱ्याला. भर चौकात गणवेशावरची पदचिन्हं तोडली, तलवार मोडली आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या सैतान बेटावर पाठवलं. निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. लोकांसमोर सगळं माथी मारायचं आणि मग नजरेआड धाडायचं, हा क्रम लेवीयमधलाच आहे.

नामाचा हट्ट सोडा. मराठीचं बळ अशा जागी क्रियापदात असतं. खापर फोडणं, माथी मारणं, पापाचा धनी करणं. 'माथी मारणं' तर अहरोनाच्या त्या हातांच्या किती जवळचं आहे!

*

प्रतिसाद ३

तुमच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवते. लेवीयमध्ये बकरा रानात सोडतात, इथवर बरोबर. पण जेरुसलेमच्या मंदिराच्या काळात पुढे काय होई ते मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, योमा या भागात आहे. बकऱ्याच्या डोक्याला किरमिजी लोकरीची पट्टी बांधत. त्याला दूरच्या कड्यावर नेत. तिथे ती पट्टी दुभागून अर्धी खडकाला आणि अर्धी शिंगांच्या मध्ये बांधत आणि बकऱ्याला मागे ढकलून देत. तेव्हा तो जिवंत राही असं सरसकट म्हणता येणार नाही. तरीही तो वेदीवरचा बळी नव्हे. ज्यांची पापं त्याच्यावर घातली त्या गर्दीला त्याचा शेवट दिसत नसे.

तिथेच आणखी एक नियम आहे, तो तुमच्या सिग्नलवाल्यासाठी सांगते. दोन्ही बकरे दिसायला, उंचीला, किमतीला सारखे असावेत आणि एकाच वेळी घेतलेले असावेत. दोघांत फरक फक्त चिठ्ठीचा.

आणि 'अजाजेल'ची फोड ही एकच व्युत्पत्ती नाही. काहींनी ते खडबडीत कड्याचं नाव मानलं, काहींनी रानातल्या दुष्ट शक्तीचं. हनोखाच्या ग्रंथात, म्हणजे एका जुन्या ज्यू ग्रंथात, तर माणसांना शस्त्रं घडवायला शिकवणारा पतित देवदूत म्हणून अजाजेल येतो. म्हणून १८८५ च्या सुधारित इंग्रजी बायबलने स्केपगोट काढून मजकुरात 'अजाजेल' हेच नाव घातलं. गंमत अशी की टिंडल यांचा शब्द त्या बायबलमधून हटला, पण बोलण्यातून हटला नाही.

*

प्रतिसाद ४

'चोर सोडून संन्याशाला फाशी' चालेल का?

*

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण फार जवळची आहे. पण तिच्यात न्यायाधीश चुकतो किंवा आंधळा असतो. माझ्या लेखात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. शिवाय तिथेही फाशीच येते. म्हणून ठेवून देते, दुसरीकडे कामाला येईल.

प्रतिसाद ३ मधली कड्याची गोष्ट वाचून आधी माझा मुद्दाच ढासळल्यासारखा वाटला. मग लेख पुन्हा वाचला. सिग्नलवाल्याचं पुढे काय झालं ते लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही, कारण गावात कोणी विचारलंच नाही. म्हणजे तो कडा इथेही आहे. तो जगला की नाही यापेक्षा तो कोणाला दिसत नाही हे महत्त्वाचं. बाईंच्या टेबलावरचं ते चष्म्याचं घर पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

प्रतिसाद २ चं ऐकून नाम सोडलं. आता वाक्यं अशी झाली आहेत:

'कोणाच्या तरी माथी मारल्याशिवाय गावाला चैन नव्हतं. त्याच्या माथी मारलं आणि त्याला वेशीबाहेर घालवलं. तेव्हापासून गावाला पुन्हा झोप लागू लागली.'

मूळ दोन वाक्यांची तीन झाली, पण ओझं आणि जाणं दोन्ही आली. पुढे चौकशी अहवालाच्या भागात स्केपगोट दोनदा येतो, तिथे 'खापर' आणि 'पापाचा धनी' व्यवस्थित बसले. एके ठिकाणी एक पुढारी रागाच्या भरात बोलतो, तिथे मात्र 'बळीचा बकरा'च ठेवला आहे. प्रतिसाद १ चं म्हणणं तिथे शंभर टक्के खरं आहे, पुढारी तसंच बोलेल.

शीर्षकाचं अजून अडलं आहे. 'दुसरा बकरा' असं मनात आहे, कारण विधीतला तो खरोखर दुसराच. पण लेख न वाचलेल्या माणसाला त्यातून काही कळेल का? की 'वेशीबाहेर' बरं? रविवारी मजकूर द्यायचा आहे, तोवर सुचलं तर जरूर लिहा.