पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट: घरी ठाण्यात, क्लासला ऐरोलीत, सेटअप एकच

वर्तकनगर_८जीबी
घरी जुना लॅपटॉप, ऐरोलीच्या क्लासमध्ये डेस्कटॉप, दोन्हीवर विंडोज. आतल्या डिस्कला हात न लावता एकाच पेनड्राइव्हवरून मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टिम) चालवायचंय. सध्या ३२ जीबीवर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून सिस्टिमची इमेज सुरू करणारं साधन) आणि ४ जीबीची पर्सिस्टन्स फाइल (केलेले बदल टिकवणारी) आहे. सुरू होतं, पण फायरफॉक्समध्ये चार टॅब उघडले की सगळं गोठतं. अपडेट दिल्यावर जागाच संपली. पेनड्राइव्ह बदलू की पद्धत?

खाडीपलीकडचा
दोन्ही. लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) सिस्टिमची मूळ इमेज फक्त वाचता येते, बदल वेगळ्या थरात साठतात. अपडेट केलं की जुनी फाइल इमेजमध्ये तशीच राहते आणि नवी तुमच्या ४ जीबीत येते. शिवाय कर्नल (सिस्टिमचा गाभा) इमेजमधूनच चढतो, म्हणजे नवा कर्नल नुसती जागा खातो. पर्सिस्टन्स चार दिवसांच्या कामाला ठीक, रोजच्या वापराला पूर्ण इन्स्टॉलच हवं.

गोठण्याचं कारण वेगळं. पाकिटावरचा वेग मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. ब्राउझर सतत बारीक बारीक तुकडे लिहितो, आणि तिथे स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला १ एमबीसुद्धा गाठत नाही. जमलं तर १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी यूएसबी ३ केसमध्ये घाला, खिशात मावते. पेनड्राइव्हच घ्यायचा तर ६४ जीबी, आणि विकत घेतल्याबरोबर एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासा. ६४ छापलेला नग आत ८चा निघू शकतो.

ग्रबवाले_काका
खरी मेख इन्स्टॉल करताना आहे, 'आतल्या डिस्कला हात न लावता' तिथेच फसतं. मिंटचा इन्स्टॉलर बूटलोडरसाठी (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) तुम्ही पेनड्राइव्ह निवडला तरी यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) मशीनवर तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फायलींचा छोटा भाग) टाकू शकतो. मग पेनड्राइव्ह काढला की घरच्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' (लिनक्सचा बूटलोडर) दिसतं, आणि ऐरोलीत पेनड्राइव्ह बूटच होत नाही.

डेस्कटॉप असेल तर साटा केबल काढून इन्स्टॉल करा, सगळ्यात बिनधोक. लॅपटॉप उघडायचा नसेल तर लाइव्ह मिंटमधल्या जीपार्टेडमध्ये (पार्टिशन सांभाळणारं साधन) आतल्या ईएफआय पार्टिशनचे 'बूट' आणि 'ईएसपी' फ्लॅग (खुणा) काढा आणि इन्स्टॉल झाल्यावर आठवणीने परत लावा. ६४ जीबीवर मांडणी: ५१२ एमबी फॅट३२ (ईएफआय), उरलेलं ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम), स्वॅप पार्टिशन (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) नको. शेवटी पेनड्राइव्हच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल आहे ना बघा. परक्या मशीनला तीच सापडते. नसेल तर ग्रब-इन्स्टॉल 'रिमूव्हेबल' पर्यायासह पुन्हा चालवा.

आणि बायोसमध्ये शिरण्याआधी विंडोजची बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की लिहून ठेवा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सेटिंग) बदललं की ती मागितली जाते. (मिंटला ते बंद करायची गरज नसते.)

खाडीपलीकडचा
पुढची डागडुजी: एफएसटॅबमध्ये (पार्टिशन कशी जोडायची ते सांगणारी फाइल) रूटला, म्हणजे मुख्य पार्टिशनला, 'नोएटाइम' (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणं), फायरफॉक्सचा डिस्क कॅश बंद, टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती ठेवणारं साधन) त्याच पेनड्राइव्हवर अजिबात नको. एनव्हिडियाचा ड्रायव्हर घालू नका, दोन मशीनची ग्राफिक्स वेगळी असतात. सस्पेंडमध्ये असताना पेनड्राइव्ह उपटू नका. पावसाळ्यात लाईट जाते, त्यामुळे यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर लिहिणं चालू असतानाच फाइल सिस्टिम बिघडते. फायलींची प्रत दुसरीकडे हवीच.

वर्तकनगर_८जीबी
फ्लॅगवाल्या पद्धतीने झालं, फ्लॅग परत लावले. दोन्हीकडे बूट होतंय. आता विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतंय, आणि मिंटमधून विंडोजच्या सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

ग्रबवाले_काका
लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ समजतं. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडने 'लोकल-आरटीसी' १ करा, म्हणजे तेही तिथे स्थानिक वेळ ठेवेल. सी ड्राइव्ह अडतोय तो फास्ट स्टार्टअपमुळे: विंडोज पूर्ण बंद न होता अर्धं झोपतं. पॉवर ऑप्शन्समधून ते बंद करा. क्लासच्या मशीनवर मात्र विचारून करा.