खाडीच्या अलीकडे मुंबई, पलीकडे मध्यम शहर?

दुर्गाडी_नाका
मंडळी, एक शंका. आमच्या ऑफिसातल्या एकाची कल्याणहून भिवंडीला बदली झाली, केंद्र सरकारची नोकरी, आणि एचआरए (घरभाडे भत्ता) ३० टक्क्यांवरून थेट २० वर आला. पूल ओलांडला की कोन गाव आणि मग भिवंडी, भाडं काय एवढं कमी होतं का तिकडे? तर मध्यम शहर म्हणजे नक्की कोणतं, हे ठरवतं कोण?

जुना_हेडक्लार्क
केंद्र सरकार. एचआरएसाठी शहरांचे तीन वर्ग, एक्स, वाय, झेड. लोकसंख्या ५० लाखांच्या वर एक्स, ५ ते ५० लाख वाय, बाकी सगळे झेड. पण आकडा एका पालिकेचा नाही, सलग वस्तीचा धरतात. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अगदी बदलापूरसुद्धा बृहन्मुंबईच्या समूहात, म्हणून एक्स. भिवंडी आणि वसई-विरार वेगळे मोजले गेले, म्हणून वाय. विरारच्या लोकलमध्ये लोंबकळणाऱ्याला सांगून बघा की बाबा तू मुंबईत नाहीस 😀

मिरज_जंक्शन
काका बरोबर, पण ह्या वायमध्ये नागपूर पण आणि आमची सांगली पण. सांगली-मिरज-कुपवाड ५ लाखांच्या जेमतेम वर, नागपूर २४ लाख, आणि दोघं एका पंगतीत! राज्याचा हिशोब अजून वेगळा, तिथे महापालिकांना अ ब क ड असे वर्ग. इचलकरंजी २०११ लाच पावणेतीन लाखांच्या पुढे होती तरी २०२२ पर्यंत नगरपालिकाच, आणि पनवेल २०१६ मध्येच महापालिका झाली, खारघर कामोठे कळंबोली सोबत घेऊन. म्हणजे शहर वाढतं एकीकडे आणि पाटी बदलते भलतीकडे.

धोबीतलाव_भिवंडी
भिवंडीवाला बोलतोय. लहानपणी आमच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट रात्रभर, ती बंद पडली म्हणजे लाइट गेली हे झोपेतपण कळायचं. आता त्यातल्या निम्म्या शेडना कुलूप, आणि माणकोलीकडे बघावं तिकडे गोदामं. मुंबईची जकात चुकवायला माल हायवेलगतच्या गावांमध्ये उतरायचा, २०१७ ला जीएसटी आला न जकात गेली तरी गोदामं वाढतच राहिली. गंमत अशी की त्यातली बरीचशी ग्रामपंचायतीच्या हद्दीत, म्हणजे कागदावर गाव! शहराचं काम बदललं, ते तुमच्या एक्स-वायमध्ये कुठे दिसतं? माझ्या मते लोकसंख्या विचारूच नका, सकाळी माणसं कामाला बाहेर जातात की आत येतात ते बघा. डोंबिवली रिकामी होते, भिवंडीत टेम्पो घुसायला जागा नसते.

दुर्गाडी_नाका
दादा हे पटलं. पण त्या बिचाऱ्याचा एचआरए?

जुना_हेडक्लार्क
नवीन जनगणना २०२७ ला आहे. तोवर कल्याणला परत बदलीचा अर्ज टाकायला सांगा.