परराष्ट्र धोरणावरचं आपलं मत बनतं कुठे: बाजार समितीत की टीव्हीसमोर?

चौकस
माझं म्हणणं स्पष्ट आहे. परराष्ट्र धोरणावर आपण आधी बाजू धरतो आणि निर्णय नंतर ऐकतो. गाझाचं मतदान घ्या. 27 ऑक्टोबर 2023 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जॉर्डनने मांडलेल्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. 12 डिसेंबरला युद्धबंदीच्या ठरावाला त्याच भारताने पाठिंबा दिला. दोन्ही वेळा वाद झाला तो फक्त मथळ्यावर. ऑक्टोबरात मुख्य ठरावाआधी कॅनडाची एक दुरुस्ती आली होती, हमासचं नाव घेऊन इस्रायलवरच्या हल्ल्याचा निषेध करणारी. भारताने तिच्या बाजूने मत दिलं. दोन तृतीयांश मतं न मिळाल्याने ती पडली आणि मग मूळ मसुद्यावर भारत तटस्थ राहिला. हे किती जणांपर्यंत पोचलं? ठराव कुठलाही असो, तीन गोष्टी बघाव्यात: मसुदा, दुरुस्त्यांवरचं मतदान, आणि आपल्या प्रतिनिधीने दिलेलं मतामागचं स्पष्टीकरण. हे सगळं जाहीर असतं, अर्ध्या तासात वाचून होतं.

निफाडकर
अर्ध्या तासाचं वाचन चांगलंच, पण सगळ्यांचं मत मथळ्यावरून बनतं हे मान्य नाही. लासलगाव, पिंपळगावच्या आवारात या. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबर अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, डिसेंबरात थेट बंदी. हा क्रम शेतकऱ्याला पाठ आहे. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, डिसेंबरातला लाल कांदा टिकत नाही. तो काढला की विकावाच लागतो. म्हणून बंदीचा घाव नेमका त्याच मालावर बसला.

पुढे एप्रिल 2024 मध्ये आधी गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी आली, मग बांगलादेश, अमिराती, श्रीलंका, भूतान, बहारीन आणि मॉरिशस या सहा देशांसाठी 99,150 टन जाहीर झाले. खरेदी सरकारी व्यवस्थेतून, सर्वांत कमी बोलीच्या भावाने. समोरच्या देशाशी मात्र दर वाटाघाटीने ठरवलेला. या दोन दरांतला फरक कुणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न शेतकऱ्यांनीच विचारला. कुठल्याही चर्चापटूआधी.

सांख्यिक
निफाडकर, तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. शेतकऱ्याला दिसतो तो आपल्या बाजारातला परिणाम. ढाक्यात काय झालं ते लिलावात कळत नाही. सप्टेंबर 2019 च्या अचानक बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा कांदा बंद करताना आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. 2020 मध्ये पुन्हा अचानक बंदी आली. शेजाऱ्याचा विश्वास असा एकेका अधिसूचनेने कमी होतो, आणि ती निघते वाणिज्य मंत्रालयाकडून, शहरातल्या ग्राहकाकडे बघून.

शिवाय खिशातून मत बनतं म्हणता, तर तेलाचं बघा. युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आसपास होतं, पुढे ते एक तृतीयांशावर गेलं. मुंबईत पेट्रोल मात्र जुलै 2022 पासून मार्च 2024 पर्यंत 106 रुपये 31 पैशांवर स्थिर होतं. स्वस्त तेलाने पंपावर काही उतरलं नाही, तरी त्या धोरणाला भरपूर पाठिंबा मिळाला. तो खिशातून आलेला नव्हता. देश कुणाच्या दबावाला बळी पडत नाही या अभिमानातून आलेला होता. अभिमान हेही कारण असू शकतं, पण मग त्याला अभिमानच म्हणू या.

निफाडकर
पंपावरचा भाव उतरला नाही हे खरं. पण रशियाचा माल बाजाराबाहेर गेला असता तर भाव चढला असता, हा हिशेबही सामान्य माणूस करतो. तो चूक असेल, पण हिशेब आहे. आणि किंमत मोजायची वेळ आली की मतही बदलतं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आधीच्या 25 टक्क्यांवर रशियन तेलापायी आणखी 25 टक्के शुल्क लावलं. सोलापुरात टॉवेल विणून अमेरिकेला पाठवणाऱ्याला विचारा, "तेल घ्यावं का?"

सांख्यिक
म्हणूनच जनमत पाहणीत प्रश्न कसा विचारला याला महत्त्व. "रशियाकडून स्वस्त तेल घ्यावं का?" असं विचारलं तर उत्तर एक येतं. "अमेरिकेने 50 टक्के शुल्क लावलं तरी घ्यावं का?" असं विचारलं तर दुसरं. पहिल्या प्रश्नात फायदाच सांगितलेला आहे. "माहीत नाही" हा पर्याय वाचून दाखवला नाही, तर माणूस काहीतरी सांगून मोकळा होतो आणि ते मत म्हणून छापलं जातं. पाहणीचा आकडा वाचताना आधी प्रश्नाचे शब्द आणि "माहीत नाही" म्हणणाऱ्यांचं प्रमाण शोधा. दोन्ही दिलं नसेल तर तो आकडा सोडून द्या.

सागरतीर
रत्नागिरी-रायगडकडची बाजू थोडक्यात. ज्या घरातला माणूस कुवेत-कतारमध्ये आहे, तिथे आखाताबद्दलचं मत टीव्हीवरून ठरत नाही, फोनवरून ठरतं. दूतावासाने फोन उचलला का, पासपोर्ट मालकाने अडकवला तर कुणी सोडवला, यावर ठरतं. पण त्याच घरात चीनबद्दलचं मत टीव्हीवरचंच असतं. मला वाटतं, चौकस आणि निफाडकर, तुम्ही दोघंही बरोबर आहात, वेगवेगळ्या देशांबद्दल.

आणि चौकस, तुमच्या तीन कागदांबद्दल एक शंका. डिसेंबरच्या ठरावातही हमासचं नाव नव्हतं, तरी भारताने बाजूने मत दिलं. म्हणजे ऑक्टोबरातली दुरुस्ती हे पूर्ण कारण नव्हे.

चौकस
शंका रास्त आहे. मधल्या साडेसहा आठवड्यांत गाझातल्या बळींची संख्या कितीतरी वाढली आणि ठरावाच्या बाजूच्या देशांचा आकडा 121 वरून 153 वर गेला. निर्णयावर यातल्या कशाचा किती भार होता हे कागदांवरून कळत नाही, ते सरकारला विचारावं लागतं. माहिती अधिकारात परदेशांशी संबंधाचं कारण देऊन नकार येऊ शकतो. लोकसभेत खासदाराला साधारण 15 दिवस आधी लेखी प्रश्न देता येतो. निफाडकर, त्या 99,150 टनांत शेतकऱ्याला किलोमागे काय मिळालं आणि परदेशात कोणत्या दराने विकलं, हा प्रश्न तुमच्या खासदाराने देशवार तक्ता मागून विचारला का? विचारला असेल तर उत्तराचा दुवा इथे टाका.